न उसवलेली शिवण

सरकारी वकिलांच्या त्या कार्यालयात एक जुनी रीत होती. आपल्यातल्या कुणाविरुद्ध तक्रार आली, की ती टेबलावरून टेबलावर फिरायची. प्रत्येक जण वरच्या कागदावर सही ठोकायचा आणि आतलं कुणी पाहायचं नाही. याला तिथे 'घरचं प्रकरण' म्हणत. बाहेरच्या चोराला कायदा आणि घरच्याला पांघरूण, असा तिथला न्याय!

असंच एक घरचं प्रकरण आता थेट कोर्टात पोचलं होतं आणि कार्यालयातल्या सर्वांत धाकट्या वकीलबाईंच्या गळ्यात पडलं होतं.

"सोपं आहे हो," मोठे साहेब म्हणाले. "अत्तरसाहेबांवर लाच घेतल्याची तक्रार होती. आपण चौकशी केली, खटला भरण्याजोगं काही सापडलं नाही. आता तक्रारदार हटून बसलाय, की आपला निर्णय न्यायाधीशांनी तपासावा. तुम्ही एवढंच सांगायचं, खटला भरायचा की नाही हे ठरवणं आमचं काम, कोर्टाने त्यात डोकावू नये. हे जमलं की तुमची नोकरी कायम झालीच समजा."

अत्तरसाहेब म्हणजे त्याच कार्यालयातले ज्येष्ठ वकील. जिन्यात आधी त्यांचं अत्तर यायचं, मग ते. तक्रारदार होता सोफ्याच्या गाद्या शिवणारा एक कारागीर. त्याच्या मुलीचा उजवा हात कारखान्यातल्या यंत्राने नेला होता. यंत्रावरची संरक्षक जाळी मालकानेच काढायला लावली, हे पाहणारी माणसं होती. पण मालकावरच्या खटल्यात अत्तरसाहेबांनी त्यातल्या एकालाही साक्षीला बोलावलं नाही! मालक सुटला. पुढे अत्तरसाहेबांच्याच ड्रायव्हरने लिहून दिलं, की निकालाआधी मालकाच्या माणसाने गाडीत एक पाकीट ठेवलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, तर दाद मागायची कुणाकडे?

संध्याकाळी बाई प्रकरणाचा गठ्ठा घेऊन घरी आल्या. घरात त्या आणि त्यांची आत्या, दोघीच. आत्याची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात परिचारिका म्हणून गेलेली. निवृत्त झाली तरी जिभेची धार कमी झाली नव्हती.

बाईंनी जेवणाचं टेबल पुसून गठ्ठा सोडला. वरच शेरा होता, 'सर्व कागदपत्रांची सखोल छाननी केली. पुरावा आढळला नाही.' त्याखाली सह्यांची रांग. आणि तळाशी तक्रारदाराने दिलेली जाड कापडाची पिशवी. ड्रायव्हरचा तो कागद आणि बाकीचे पुरावे गहाळ होऊ नयेत म्हणून त्या कारागिराने ती चारी बाजूंनी बारीक, घट्ट टाक्यांनी शिवून दिली होती. तक्रार घेताना मारलेला शिक्का नेमका शिवणीवर बसला होता, थोडा कापडावर, थोडा दोऱ्यावर.

बाईंनी पिशवी उलटीपालटी करून पाहिली. एकही टाका तुटलेला नव्हता.

"आत्या, ही कुणी उघडलीच नाही गं!"

त्यांनी घाईघाईने मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब हसले. "मग? घरात कात्री नाही का? कापा, वाचा आणि उद्या उघडीच घेऊन या. उगाच हात दाखवून अवलक्षण नको."

बाईंनी कात्री आणली, शिवणीला लावलीसुद्धा. कायमची नोकरी समोर दिसत होती.

"थांब," आत्या म्हणाली. "रोग्याचं पोट शिवायच्या आधी आम्ही आत रक्त टिपायला वापरलेले गॉजचे बोळे मोजायचो. कोण मोजायचं, ठाऊक आहे? सर्जन नाही. बोळे त्याने घातले, म्हणूनच मोजायचे दुसऱ्याने."

"पण आत्या, उद्या आमचा प्रत्येक निर्णय कोर्टात जायला लागला तर आम्ही कामं कधी करायची? आमच्यावर काही विश्वास आहे की नाही?"

"मोजल्याने एकाही चांगल्या सर्जनचा अपमान झाला नाही. एकच होता, मोजायला लागलं की चिडायचा. बोळा पोटात राहिला तो त्याच्याच रोग्याच्या! अगं, माणसांना तुरुंगात धाडायची ताकद तुमच्या हातात. आणि तुमच्यावरची तक्रार तुम्हीच तपासणार, तुम्हीच निकालात काढणार? आपला पेपर आपणच तपासला, तर नापास कोण होईल?"

"माझी नोकरी जाईल गं."

"जाईलही. पण त्या पोरीचा हात गेलाय."

बाईंनी कात्री खणात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर कारागीर आणि त्याची मुलगी बसली होती. मुलीची उजवी बाही पिनेने वर खोचलेली होती. मोठे साहेब पुढे बसले होते आणि अत्तराचा वास खोलीभर पसरला होता. बाई उभ्या राहिल्या.

"महाराज, कागदपत्रांची सखोल छाननी झाली, असं सांगायची मला सूचना आहे. मी ते सांगू शकत नाही. कारण ते खोटं आहे!"

त्यांनी पिशवी पुढे ठेवली. न्यायाधीशांनी ती निरखून पाहिली आणि कारागिराला विचारलं, "ही शिवण तुमची?"

"टाके माझे, साहेब. शेवटची गाठ पोरीची. एका हाताने आणि दातांनी मारलीय तिने."

गाठ जशीच्या तशी होती. मोठे साहेब ताडकन उठले. "महाराज, हा आमच्या कार्यालयाचा अंतर्गत प्रश्न आहे!"

"त्यांनी लाच घेतली की नाही, हे मी आज ठरवत नाही," न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "पण न उघडताच 'पुरावा नाही' म्हणणं हा निर्णय नाही, थट्टा आहे! तुमचा निर्णय रद्द. चौकशी नव्याने होईल आणि ती या कार्यालयाबाहेरची माणसं करतील. पिशवी इथेच, सगळ्यांसमोर उघडा."

शिपायाने कात्री आणली. न्यायाधीशांनी ती मुलीला द्यायला सांगितली. बापाने पिशवी धरली आणि तिने डाव्या हाताने आपली गाठ कापली.

बाईंची नोकरी कायम झाली नाही. त्यांना आता त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

वाचकहो, दुसऱ्यांवर आरोप ठेवायचा अधिकार ज्याला आपण दिला, त्याच्यावरचा आरोप त्याच्याच घरात मिटता कामा नये. तपासणाऱ्यालाही कुणीतरी तपासलंच पाहिजे, आणि त्याचा राग ज्याला येतो त्याला तर आधी! 'चौकशी झाली, काही सापडलं नाही' असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर मान डोलावून घरी जाऊ नका. त्यांना एवढंच विचारा, उघडून पाहिलं होतंत का?