ठिगळवालीतला ळ

“...जिला स्वतःचा नवरा टिकवता आला नाही, ती ठिगळवाली तुमचा वॉर्ड काय टिकवणार?”

प्रचाराची गाडी चौकातून गेली आणि भोंग्यातला आवाज थेट आत्याच्या दुकानात घुसला. मी हातातली पॅंट अर्धी उसवून तशीच टाकली आणि दाराकडे धावले. आत्या जागची हलली नाही. शिवणयंत्र चालवत म्हणाली, “अर्धवट टाकू नकोस, धागे ओढले जातात.”

“आत्या, ऐकलंस का तू?”

“बहिरी नाहीये मी. प्रचार आहे तो. मुद्दे संपले की माणसं दुसऱ्याच्या घरात शिरतात. जुनी युक्ती.”

“पण आवाज बाबांचा आहे!”

हे मी जरा जास्तच मोठ्यानं बोलले. पत्रकांच्या घड्या घालणाऱ्या नर्सकाकूंचे हात थांबले.

माझे बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. कपड्यांचा सेल असो, सर्कस असो, निवडणूक असो, भोंग्यात आवाज बाबांचाच. या खेपेला ‘माजीं’नी त्यांना आधीच ठरवून ठेवलं होतं. माजी म्हणजे माजी नगरसेवक. पदामुळे माजी की माजामुळे, हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. आत्या मागाहून उभी राहिली, दुकानासमोरच्या तुंबलेल्या गटारापायी. भाऊ तिकडे, बहीण इकडे, म्हणून आम्ही घरात हसतसुद्धा होतो. आज सकाळपर्यंत.

नवरा आत्याला सोडून गेला हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि भोंग्यावरून ऐकणं वेगळं. तेही सख्ख्या भावाच्या तोंडून!

“आपण काय बांगड्या भरल्यात?” नर्सकाकू उसळल्या. “माजी विग घालतो. सांगू या सगळ्यांना!”

मला तर लगेच घोषणाच सुचली. “ज्याच्या डोक्यावर काही टिकत नाही, त्याच्या डोक्यात काय टिकणार!”

काकू टाळ्या पिटून हसल्या. आत्यालाही हसू फुटलं. मग ती म्हणाली, “झकास जमलंय. पण बोलायचं नाही.”

“का पण?”

“आपण विगावर बोलत बसलो, तर गटारावर कोण बोलणार? त्याला तेच तर हवंय.” पायाची लय न मोडता ती पुढे म्हणाली, “ळ ऐकलास का छोट्याचा? लहानपणी ‘ठिगल’ म्हणायचा. याच यंत्रापाशी बसवून घोटून घेतला मी. काळा, निळा, पिवळा. कसला स्वच्छ लागलाय!”

कौतुकच करत होती ती. पण माझं लक्ष यंत्राकडे गेलं. सुई भराभरा वरखाली होत होती आणि तिच्याखाली कापडच नव्हतं.

तेवढ्यात गाडी आमच्या गल्लीत शिरली. शिरली आणि भोंगा गप्प. ड्रायव्हरशेजारी बाबा, नजर पायांकडे. आत्या उठून सरळ गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

“का रे बंद केलंस?”

“ताई, शब्द त्यांचे आहेत गं. मी नुसता आवाज...”

“ते कळतं मला. बंद का केलंस?”

“तुझ्या दारात कसं लावू?”

“बाकी गल्ल्यांत चालू आणि माझ्या दारात बंद? म्हणजे लोक म्हणणार, झोंबलं हिला. लाव.”

“ताई...”

“लाव म्हणते ना! आणि मान वर कर. आवाज एवढा खणखणीत आणि मान खाली, हसतील लोक.”

बाबांनी बटण दाबलं. वर भोंग्यात केवढे मोठे बाबा आणि खाली सीटवर केवढेसे! मला वाटत होतं, ती वायरच उपटावी. आत्या मात्र सगळं संपेपर्यंत उभी होती, शाळेत मुलाचं भाषण ऐकायला उभं राहावं तशी. गाडी गेली. “चला,” म्हणत तिनं पत्रकं उचलली.

पहिलंच दार घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं. आत्यानं पत्रक पुढे केलं. “मी...” म्हणाली आणि पुढे शब्दच फुटेना. ओठ हलत होते, नुसती हवा.

नर्सकाकूंनी मला कोपरानं ढोसलं. त्याची गरजच नव्हती. नुकतीच शाळेत पहिल्यांदा मंचावर बोलले होते मी, तेव्हापासून मला गप्प करणं अवघडच झालंय. मी सुरू झाले. गटार, डास, शाळेत जाताना मारावी लागणारी उडी, सगळं. विग नाही. जिभेवर आला होता, गिळला.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आवाज अगदी बापावर गेलाय गं तुझा.”

माझे कान तापले. मी आत्याकडे बघितलंच नाही. तिनं घसा खाकरला.

“आमच्या घरात सगळ्यांचाच मोठा आहे,” ती म्हणाली.

आजोबा “हं” म्हणाले आणि दार लागलं. पत्रक त्यांनी घेतलंच नव्हतं. बंद दारासमोर आत्याचा हात तसाच पुढे होता.