माझ्या पोटातले काळे कागद

मी बांबूची नळी बोलतेय. कमरेएवढी उंच, पोटरीएवढी जाड, तोंडाला काळ्या झावळीतंतूंचं बूच. माझा आवाज घोगरा आहे, तो धुराने झालाय. आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी तक्रार करायला नको.

माझा जन्म पश्चिम जावाच्या डोंगरातला. नीरा काढणाऱ्या सारकिमने मला बेटातून तोडलं, आतली पेरं लोखंडी कांबीने फोडली, फक्त बुडाचं पेर ठेवलं. त्याच्या खांद्यावरून मी रोज कावुंगच्या, म्हणजे नीरेच्या ताडाच्या, झाडावर जायची. फुलाचा दांडा कापला की थेंब थेंब नीरा माझ्यात गळायची. तळाशी मंगुस्तान या फळाच्या सालीचा तुकडा असायचा, नीरा आंबू नये म्हणून. घरी आले की त्याची बायको ओमिह नीरा कढईत ओतायची, गूळ करायची. मला गरम पाण्याने विसळायची आणि चुलीवर तोंड खाली करून धुरात टांगायची. घरात शिरलेली नळी थंड राहता कामा नये, हा आमच्याकडचा कायदा. थंड नळीत दुसऱ्या दिवशीची नीरा नासते.

सारकिम झाडावरून पडून गेला. बायका झाडावर चढत नाहीत, असं सगळ्या वस्तीने ओमिहला सांगितलं. ओमिहने कमरेला कोयती बांधली, मला पाठीला बांधलं आणि चढली. खाली उभा राहून शेजारी उदुंग म्हणाला, "पडशील, वहिनी."

"पडले तर तुझ्या अंगावर पडेन. बाजूला हो."

ती चौथी शिकलेली. पण तिचा हात असा की नीरेसाठी रोज कापायची दांड्याची चकती पानासारखी पातळ निघायची. उदुंग जाड काप मारतो. त्याच्या हाताखालचं झाड वर्षात सुकतं.

पुढे प्लास्टिकचे डबे आले आणि मी भिंतीला टेकून बसले. कोळ्यांनी माझ्या तोंडात जाळी केली. ओमिहची मुलगी तितिन खाली जिल्ह्याच्या कॉलेजात शिकायला गेली होती. एक दिवस ती आली आणि माझ्यातली जाळी काढायला लागली.

"एमा, ही मी नेऊ?" आईला ती एमा म्हणायची.

"ने. काय भरणार आहेस?"

"पोस्टर."

तितिनने कॉलेजात दोन वर्षं मंगुस्तानच्या सालीवर काम केलं होतं. ती साल नीरा कशी राखते, किती वेळ राखते, हे मोजलं होतं. आईचंच ज्ञान, फक्त बाटल्यांत घालून. ते पोस्टर थायलंडातल्या परिषदेला निवडलं गेलं. पोस्टरवर वर तिच्या प्राध्यापिका रत्नावुलान मॅडमचं नाव, खाली तितिनचं. ओमिहचं कुठेच नाही. राग इथूनच सुरू झाला, पण तो लहान होता.

मोठा राग हेंदीसाहेबांच्या टेबलापाशी आला. कॉलेजात विद्यार्थ्यांना परिषदेला पाठवायचा निधी होता. हेंदी त्याचा कारकून.

"आधी स्वतःच्या पैशाने जाऊन ये," तो म्हणाला. "विमानात बसल्याचे कागद आण, मग पैसे मिळतील."

"आधी नाही का मिळणार, सर?"

"आधी दिले आणि तू गेलीच नाहीस तर?"

त्याच टेबलावर रत्नावुलान मॅडमचं तिकीट पडलं होतं. कॉलेजने आधीच काढलेलं. मॅडमला पगार आहे, घर आहे, गाडी आहे. तिला आधी. जिच्या घरी कढई आणि चूल एवढंच, तिला नंतर. कुणी ठरवलं हे? डोक्यात पेर न फोडलेला बांबू असेल त्याने.

ओमिहने तीन झाडं उदुंगकडे गहाण टाकली. सारकिमने गोंजारून गोंजारून नीरेला आणलेली, सगळ्यात गोड झाडं. त्यांचे दांडे अजून कोवळे होते. दांडे पिकायच्या आत पैसे परत दिले तर झाडं ओमिहची, नाहीतर हंगामभर उदुंगच्या कोयत्याखाली. म्हणजे मेलीच.

मग मी विमानात बसले. विमानतळावरच्या शिपायाने माझ्या तोंडात नाक घातलं, शिंकला आणि म्हणाला, "हे काय, स्वयंपाकघर घेऊन चाललीस?" बाकीच्यांकडे प्लास्टिकच्या काळ्या नळ्या होत्या. परिषदेत मी पोस्टरशेजारी उभी राहिले. एका पांढऱ्या केसांच्या थाई बाईंनी पोस्टर वाचायच्या आधी मला हुंगलं. "आमच्या आजोळी असाच वास यायचा," त्या म्हणाल्या आणि तितिनला तासभर प्रश्न विचारत बसल्या. आई झाडावर चढते तशी तितिन बोलली. मॅडमने तिचा फोटो काढला, मला खांद्यावर घेतलेला.

परतताना पोस्टर मॅडमने कॉलेजसाठी नेलं. तितिनने विमानात चढतानाचे चार कागद जपून माझ्या तळाशी घातले आणि त्यांच्यावर आत खोल तंतूंचा बोळा ठासून बसवला. पर्समधून पडतील, नळीतून पडणार नाहीत, असा तिचा हिशेब. घरी आली ती तापाने फणफणलेली. आडवी झाली आणि झोपली.

ओमिहने मला उचललं. पोर परदेशातून सुखरूप आली म्हणून तिचा जीव भरून आला होता. नळी घरात शिरली आहे आणि थंड आहे, एवढंच तिला दिसलं. तिने तोंडाचं बूच काढलं, आतला बोळा तिला दिसला नाही, आणि मला चुलीवर धुरात टांगलं.

मी ओरडू शकत नाही. ते कागद उष्णतेवर छापलेले, त्यांना आच लागली की काळे पडतात. संध्याकाळपर्यंत चारही काळे झाले. ना नाव, ना तारीख.

तितिनने ते पाहिले आणि खाली बसली. ओमिहने कागद परत माझ्यात घातले, कमरेची कोयती कमरेलाच ठेवली आणि मुलीला घेऊन डोंगर उतरली.

हेंदीने कागद उजेडात धरले. "यावर काही दिसत नाही, बाई."

"माझी चूक. मी धुरात टांगले. पण पोरगी जाऊन आली आहे."

"कशावरून?"

"ही उभी आहे की समोर."

"आत्ता इथे आहे म्हणजे तेव्हा तिथे होती, असं होत नाही."

रत्नावुलान मॅडम आवाज ऐकून आत आल्या. "मी बरोबर होते, हेंदी. मी लिहून देते."

"मॅडम, नियमात मूळ कागद म्हटलंय. तुम्ही कागद नाही."

ओमिहने खिडकीबाहेर बोट केलं. मग म्हणाली, "फाटकावर काय लावलंय?"

फाटकावर माणसाएवढा फलक होता. तितिन, खांद्यावर मी, आणि मोठ्या अक्षरांत कॉलेजचं अभिनंदन.

"ते परिषदेचं," हेंदी म्हणाला.

"म्हणजे न गेलेल्या पोरीचं अभिनंदन चाललंय. खोटं आहे ते. काढायला हवं."

ती बाहेर गेली, चपला काढल्या आणि फाटकाच्या खांबावर चढली. कावुंगपुढे खांब म्हणजे काय. कोयतीने चार दोऱ्या कापल्या. तितिन लाजेने लाल झाली होती. "एमा, लोक बघतायत," म्हणाली. पण फलक खाली आला तेव्हा तिनेच त्याचं दुसरं टोक धरलं, गुंडाळला आणि माझ्यात कोंबला. माझी कड जरा चिरली. चिरू दे.

हेंदी धावत आला. "बाई, ते कॉलेजचं आहे."

"आहे ना. आधी पैसे आणा, मग फलक मिळेल."

सोमवारी राजधानीतून तपासणी समिती येणार होती आणि त्यांना दाखवायला कॉलेजकडे तेवढं एकच होतं. रविवारी सकाळी हेंदी चिखलाच्या बुटांनी आमच्या चुलीपाशी आला. हातात अर्ज. "यावर सही करा, बाई. पैसे पुढच्या तिमाहीत नक्की. फलक आत्ता द्या."

पुढच्या तिमाहीपर्यंत दांडे पिकून गेले असते. उदुंग दांडे ठोकायची मोगरी घेऊन रोज झाडांखाली घुटमळत होता.

ओमिहने माझं बूच काढलं आणि मला धुरात टांगलं.

"बाई, ते प्लास्टिक आहे. वितळेल."

"वितळेल. नळी घरात आली की आम्ही टांगतो. नियम आहे."

ती लाकडं सारत बसली. हेंदीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि डोंगर उतरला. दुपारी पाकीट घेऊन परत आला. प्राचार्यांच्या सहीने, तातडीची बाब म्हणून. तातडी आता दिसली त्यांना.

ओमिहने फलक दिला. एका कोपऱ्यात तितिनच्या पायाजवळ तो जरा सुरकुतला होता. मग तिने हेंदीकडून फलक मिळाल्याची पावती लिहून घेतली.

"विश्वास नाही का, बाई?"

"तुम्हीच शिकवलंत."

त्याच संध्याकाळी उदुंगच्या हातात पैसे पडले आणि तीन झाडं सुटली. आता ओमिह त्यांची नीरा काढते आणि तितिन सुट्टीत कढईशी बसते.

पण माझा राग गेलेला नाही. कॉलेजच्या फळ्यावर यंदाही तीच सूचना आहे. आधी जा, मग घ्या. खालच्या वस्तीतल्या सुआंगसिहची मुलगी परवा आमच्याकडे आली होती. तिची निवड झाली आहे. घरात दोन शेळ्या, बाकी काही नाही.

"मावशी, कागद मी नळीत ठेवणार नाही," ती ओमिहला म्हणाली.

"कागदाचं नंतर. आधी तिकिटाचे पैसे माग. नाही म्हणाले तर वर ये आणि मला घेऊन जा," ओमिह म्हणाली, आणि माझ्याकडे हात केला. "हिलाही."

तुमच्यातले जे अशा टेबलांमागे बसतात त्यांना माझं एकच मागणं आहे. पोरांना पाठवायचं असेल तर पैसे आधी हातात ठेवा. द्यायचे नसतील तर त्यांचे फोटो फाटकावर लावू नका.

माझ्या चिरेतून आता नीरा गळेल, म्हणून डबे नसले तरी मला कुणी झाडावर नेणार नाही. मी चुलीवर टांगलेली आहे, कोरडी, टणक आणि गरम. खालून बोलावणं आलं की निघायचं, एवढंच काम उरलंय.