चौतीस वर्षं न उघडलेलं पाकीट

मित्रांनो, आधी हात दाखवा बघू. ओले नाहीत ना? खाऊचा चिकटपणा नाही ना? मग या, जवळ बसा. वाचनालयाच्या या कोपऱ्यात, करड्या कापडाचं झगलं घालून बसलेला जो म्हातारा तुम्ही दर गुरुवारी बघता, तो मी. रेकॉर्ड प्लेअर. तबकडी ठेवली की गायचं, उचलली की गप्प बसायचं, एवढंच मला येतं. स्वतःचं म्हणून एकही गाणं माझ्या पोटात नाही. पण ती दोघं यायला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पेटी एकाने जोडली, थाळी दुसऱ्याने बसवली, आणि सुई धरणारा माझा बारीक हात एका चष्मेवाल्या बाईने लावला. तिने तो बोटावर तोलून पाहिला आणि हळूच म्हणाली, "जपून टेक हं बाबा." तेवढाच मला मिळालेला उपदेश. तो मी आजवर पाळत आलो आहे.

तिथून मी गेलो विजेच्या सामानाच्या एका दुकानात, दर्शनी काचेच्या आत. दुकानदाराने माझ्यावर एक तबकडी ठेवून दिली, लाल लेबलाची. एका नावाड्याचं गाणं होतं त्यात. दिवसभर मी ते वाजवायचो. पण काच जाड, रस्ता गजबजलेला. बाहेरच्यांना तबकडी फिरताना दिसायची, ऐकू काहीच यायचं नाही.

रोज शाळा सुटली की त्या काचेला दोन नाकं चिकटायची. एक जरा वर, एक बरंच खाली. वरचं नाक ताईचं, खालचं तिच्या धाकट्या भावाचं. त्याला सगळे भुंगा म्हणायचे, कारण तो जागा असेपर्यंत काही ना काही गुणगुणत असायचा. दोघं तबकडी फिरताना बघत बसायची आणि गाणं काय असेल याचे तर्क लढवायची. ताई म्हणायची संथ असणार. भुंगा म्हणायचा, छे, एवढं गरगर फिरतंय म्हणजे नाचाचंच.

अशी तीन वर्षं गेली. त्यांचे वडील शिंपी होते. एक दिवस दुकानदार त्यांना म्हणाला, "मास्तर, तुमच्या पोरांच्या नाकांचे डाग पुसून पुसून माझी काच झिजली. एक तर काच बदलून द्या, नाहीतर ही पेटी घेऊन जा." मास्तर हसले. त्यांनी दुकानदाराच्या घरच्या सगळ्यांचे कपडे वर्षभर शिवून दिले आणि मी त्यांच्या घरी आलो. नावाड्याची तबकडी दुकानदाराने वर फुकट दिली. म्हणाला, "ह्या दोघांचा जीव गुंतलाय तिच्यात."

मास्तरांनी शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या कापडातून मला हे झगलं शिवलं. त्याला ब्रश ठेवायचा खिसा आहे आणि वर एक बटण. एवढ्या मानाने कुणी आपल्याला वागवलं की अंगात आपोआप गोड सूर येतो, मित्रांनो.

आणि मग ती पहिली संध्याकाळ. तीन वर्षं नुसतं पाहिलेलं गाणं दोघं पहिल्यांदा ऐकणार होती. सुई टेकली. नावाडी गाऊ लागला, संथ, लांब, वल्ह्यामागून वल्हं मारावं तसा. ताईचे डोळे भरून आले. भुंगा मात्र बोलतच राहिला. "संथच निघालं की गं. हा माणूस थकला नाही का? किनारा कधी येणार?" असं करता करता गाणं संपलं, आणि किनारा आला तो त्याला कळलाच नाही. तो रडकुंडीला आला.

"पुन्हा लाव ना."

"लावते," ताई म्हणाली, "पण आजपासून एक नेम. सुई खाली टेकली की ती वर उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. काही झालं तरी."

"शिंक आली तर?"

"शिंकायचं. बोलायचं नाही."

तो नेम त्या घरात असा रुजला की काय सांगू. गिऱ्हाईक माप द्यायला दोन्ही हात पसरून उभं असायचं, आणि तेवढ्यात सुई टेकली की मास्तर ओठांवर बोट ठेवायचे. बिचारं गिऱ्हाईक गाणं संपेपर्यंत तसंच, दोरीवरच्या सदऱ्यासारखं. स्वयंपाकघरातून आई खुणेनेच विचारायची, भाजी तिखट की बेताची? आणि भुंगा बोटाने हवेत मोठी मिरची काढायचा.

हळूहळू तबकड्या वाढल्या. वाढदिवसाला कपडे नकोत, तबकडी द्या, असं दोघांनी शिंप्याच्या घरात सांगितलं, म्हणजे बघा. त्यात एक होती बॅन्डची. तिचंही लेबल लालच, कंपनी एकच ना. ती लागली की ताई गळ्यात मापाची फीत घालून पुढे, भुंगा हातात कापड मोजायचा गज घेऊन मागे, अशी शिवणयंत्राभोवती कवायत चालायची. तोंडातून अक्षर नाही, पण पायांनी घर दणाणून जायचं. बॅन्डची तबकडी एकट्याने लावायची नाही, असं काही कुणी ठरवलं नव्हतं. पण तसं कधी झालं नाही.

मग ताई मोठी झाली. परिचारिकेचं शिक्षण पुरं करून तिला लांबच्या गावी इस्पितळात नोकरी लागली. निघायच्या दिवशी दोघं तबकड्यांची वाटणी करायला बसली. मी भुंग्याकडेच राहणार होतो; ताईच्या वसतिगृहात दुसरी पेटी होती. एक तुझी, एक माझी, अशी पाळीपाळीने निवडायची. पहिली पाळी ताईने धाकट्याला दिली. मला खात्री होती, तो नावाड्याचीच उचलणार. पण भुंग्याने झटकन बॅन्डची उचलली. म्हणाला, "माझी झाली. आता तू."

नावाड्याची त्याने तिच्यासाठी सोडली होती. ताईला ते कळलं. तिने नावाड्याची घेतली. पुढे मात्र दोघांची चांगली जुंपली. "ही तू घे," "नाही, तुलाच शोभते," "अगं घे गं," "अरे ठेव रे." आई दारातून बघत होती. म्हणाली, "जगात वाटणीवरून भांडतात ते मला-मला म्हणून. तुला-तुला म्हणून भांडणारी माझ्याच पोटी आली."

दुपारी भुंगा गाडी बघायला बाहेर गेला. तेव्हा ताई माझ्याजवळ आली. तिने आपल्या वाटणीतल्या पुठ्ठ्याच्या पाकिटातून नावाड्याची तबकडी काढली, पदराने पुसली आणि भुंग्याच्या वाटणीतल्या बॅन्डच्या पाकिटात सरकवली. बॅन्डची काढून आपल्या पाकिटात घातली. माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, बॅन्ड म्हणजे भुंग्याचा जीव की प्राण. उद्याच लावेल, पाकिटातून नावाडी निघेल, आणि परवा आनंदाने नाचणारं पत्र येईल.

पण मित्रांनो, भुंग्याने ते पाकीट उघडलंच नाही. हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्याशी पुटपुटला, "ताई आली की लावू." दर रविवारी तो पाकिटावरची धूळ पुसायचा आणि परत ठेवायचा. नावाडी माझ्यापासून दोन हातांवर होता. मला सगळं ठाऊक होतं, पण मी सांगणार कसा? माझ्यावर जे ठेवाल तेच मी बोलणार.

ताईला पत्र गेलं ते निराळंच. भुंग्याला थट्टेवाचून लिहिता येत नसे. लिहून झालं की तो मोठ्याने वाचायचा, म्हणून मला माहीत. "तुझा नावाडी तिकडे खुशाल ना? आमचं इकडे त्याच्यावाचून काही अडत नाही." ताईला वाटलं, नावाडी हाती येऊनही हा थट्टाच करतोय. तिचं उत्तर एका ओळीचं आलं. "तुला देऊन काही उपयोग नाही, हे कळलं." भुंग्याने ते कार्ड तीनदा वाचलं; त्याला वाटलं, वाटणीत पहिली पाळी दिली ती ताई आता काढून दाखवते आहे. त्याचं गुणगुणणंही चार दिवस थांबलं. म्हणाला, "चांगलं आहे. मोठ्या इस्पितळातली मोठी बाई झाली."

भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. लग्नाकार्यात दोघं भेटायची, एकमेकांची तब्येत विचारायची, मुलाबाळांची कौतुकं करायची. फक्त गाण्यांविषयी बोलायची नाहीत. भुंगा पोस्टमन झाला. साऱ्या गावाची पत्रं गुणगुणत पोचवायचा, आणि स्वतःच्या बहिणीला विचारायचं एक वाक्य मात्र त्याला सापडेना. आईवडील गेले. मी माळ्यावर गेलो. माझा पट्टा ताठरला, सुई बोथट झाली. झगल्याच्या खिशात एका कोळ्याने बिऱ्हाड केलं. त्याचा मला राग नाही. तेवढीच सोबत.

ताई गेली त्याला चौतीस वर्षं झाली, तेव्हा माळ्याचं दार उघडलं. भुंगा निवृत्त झाला होता आणि लेकीजवळ लहान घरात राहायला जाणार होता. तबकड्यांना तिथे जागा नव्हती. त्याने त्या वाचनालयाला द्यायचं ठरवलं, माझ्यासकट. पण देण्याआधी प्रत्येक तबकडी एकदा वाजवून निरोप द्यायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. मला नवी सुई मिळाली. रोज पाच-सहा तबकड्या वाजायच्या. शेवटी एकच उरली, बॅन्डच्या पाकिटातली. त्याने ताईला कार्ड टाकलं, "चार तारखेला तबकड्या न्यायला माणूस येणार आहे. तुला काही हवं असेल तर कळव."

ताईने कळवलं नाही. ती तीन तारखेला स्वतःच आली. केस पांढरे, हातात पिशवी, चेहरा लालबुंद. उंबऱ्यातूनच म्हणाली, "सगळ्या देतोस?"

"सगळ्या."

"बॅन्डचीसुद्धा?"

"तीसुद्धा. पण आलीस ते बरं झालं. तुझ्यासाठीच थांबवली होती."

"माझ्यासाठी? अरे, लाज वाटायला हवी तुला. मी एवढ्या मायेने—"

पण भुंग्याचा चष्मा कपाळावर होता आणि लक्ष तबकडीवर. लाल लेबल दिसलं, त्याने ती थाळीवर ठेवली आणि सुई टेकवली.

ताईचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने ते मिटलं. चौतीस वर्षांचं बोलणं तिच्या घशाशी आलं होतं, पण नेम म्हणजे नेम. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली.

माझा पट्टा ताठ, त्यामुळे नावाडी आधी जांभई दिल्यासारखा उठला. मग त्याला लय सापडली. भुंगा कवायतीसाठी गुडघा उचलून उभा होता. तो तसाच राहिला. पाय खाली आला. चष्मा डोळ्यांवर आला. त्याने लेबल फिरताना बघितलं, पाकीट बघितलं, मग ताईकडे बघितलं. ताई त्याचा चेहरा बघत होती, आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडत होती. याला ठाऊकच नव्हतं. याने कधी उघडलंच नाही. मित्रांनो, मी त्या दिवशी जितका जपून गायलो तितका आधी कधी गायलो नव्हतो.

गाणं संपलं. सुई शेवटच्या रेषेत टकटक करत राहिली. उचलायला कुणाचा हात होईना. शेवटी ताईने उचलली.

"ही इथे कधीपासून?" भुंग्याने विचारलं.

"तू गाडी बघायला गेलास तेव्हापासून. आणि तू लिहिलंस काय, तर त्याच्यावाचून काही अडत नाही."

"मला वाटलं ती तुझ्याकडे आहे."

"पाकीट उघडून बघायला काय धाड भरली होती? जन्मभर लोकांची पाकिटं वाटलीस ना?"

"लोकांची उघडायची नसतात, ती सवय लागली." मग तो हळूच म्हणाला, "बॅन्ड एकट्याने कसा ऐकणार, ताई? पुढे कोण चालणार?"

ताई पिशवीचे बंद सोडू लागली.

"मग बॅन्ड तुझ्याकडे असेल," भुंगा म्हणाला. "वाजवलास?"

"एकदा काढला होता," ताई म्हणाली. "मग वाटलं, मागून कोण चालणार?"

तिने पिशवीत हात घातला आणि नावाड्याचं जुनं पाकीट बाहेर काढलं. परत द्यायलाच आणलं होतं तिने, रागाने. त्यातून निघालेला बॅन्ड मी तिथेच वाजवला. दोघांचेही गुडघे कुरकुरत होते, शिवणयंत्राच्या जागी सामानाची खोकी होती, पण कवायत झाली. बरोबर ओळीत झाली.

चार तारखेला वाचनालयाचा माणूस आला, तेव्हा भुंग्याने तबकड्या दिल्या, पण एक अट घातली. दर गुरुवारी आम्ही दोघं येऊन वाजवणार, आणि वाजत असताना कुणी बोलायचं नाही. माणूस म्हणाला, "काका, वाचनालयात तसंही बोलायचं नसतंच." तेव्हापासून मी इथे आहे. ताई सकाळच्या बसने येते, भुंगा लेकीकडून चालत येतो. ती दोन पाकिटं अजून अदलाबदलीचीच आहेत. ताई ती सरळ करू देत नाही.

माझं मागणं फार नाही, बाळांनो. तबकडी कडेने धरा. काम झालं की मला झगलं घाला, बटण लावा. आणि कुणी मायेने काही दिलं तर ते उघडा, ताबडतोब उघडा, जपून ठेवण्याच्या नादात बंद ठेवू नका. आणि तुम्ही दिलेल्याचं उत्तर आलं नाही, तर रुसून बसण्याआधी एकदा विचारा. माझं काय, मी आणखी चौतीस वर्षं वाट बघेन. माणसांकडे तेवढी वर्षं नसतात.

ती बघा, आली दोघं. ताईच्या हातात आज नावाड्याचं पाकीट आहे, म्हणजे बॅन्ड लागणार. ती पुढे, भुंगा तिच्या मागे, आणि भुंग्याच्या मागे जागा मोकळी आहे. उठा, ओळीत उभे राहा. आणि आता गप्प. सुई खाली येते आहे.