आधी उजवा गाल

"नको," थोरले म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

धाकट्यांच्या हातातला ब्रश तसाच अधांतरी राहिला. त्यावर फेस म्हणावा असं फारसं काही नव्हतंच. पांढरट पाणी दांड्यावरून मनगटाकडे आणि मनगटावरून कोपराकडे निघालं होतं. थोरल्यांच्या हनुवटीखालचा पंचा ओलाचिंब झाला होता.

"अहो बाबा, आत्ता कुठे हात लावलाय. अर्धी दाढी ठेवून कसं चालेल?"

"नको. तिला... बोलव."

ती म्हणजे धाकट्यांची बायको. ती हात पुसत आली, नवऱ्याच्या हातून ब्रश घेतला, पंचा बदलला आणि पलंगाच्या कडेला बसली. भिंतीकडे वळलेलं तोंड आपोआप इकडे वळलं. धाकटे बाहेर दुकानात गेले आणि स्वच्छ असलेला आरसा पुन्हा पुसत बसले.

दुकान म्हणजे दोन खुर्च्यांचं सलून आणि त्याच्याच मागे, एका पडद्याआड, दोन खोल्यांचं घर. एक खुर्ची बापाची, एक मुलाची. गिऱ्हाइकांनी बापाला थोरले आणि मुलाला धाकटे म्हणायला सुरुवात केली त्याला जमाना लोटला. धाकट्यांचे कल्ले पांढरे झाले, वाचायला चष्मा लागला, तरी धाकटे ते धाकटेच. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. त्यांचं दुखणं वेगळं होतं. ज्या माणसाने वस्तरा हातात दिला त्या माणसाने आजवर एकदाही त्यांच्या कामाला "वा" म्हटलं नव्हतं. झालेल्या दाढीवर थोरले अंगठा फिरवून बघत आणि "हं" म्हणत. त्या "हं"वर धाकट्यांनी उभं आयुष्य काढलं होतं.

मग थोरल्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, तोंड एका बाजूला उतरलं आणि शब्द एकेक करून, वाट बघत बाहेर येऊ लागले. धाकट्यांना दुःख झालं, ते खरंच. पण त्या दुःखाच्या तळाशी एक आशाही होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. आता बाबांची दाढी रोज आपणच करायची. आपला हात त्यांच्या गालावरून फिरेल. मग तरी त्यांना कळेल की पोरगा तयार झालाय.

झालं ते भलतंच. लाकडी दांड्याच्या, राठ केसांच्या त्या जुन्या ब्रशाने थोरल्यांची नाजूक झालेली कातडी लाल पडू लागली आणि गळलेले केस ओठाच्या कोपऱ्यात चिकटू लागले. बायको औषधांच्या दुकानातून कापूस आणायला गेली ती येताना एक नायलॉनचा ब्रश घेऊन आली. मऊ, गुबगुबीत, निळ्या प्लॅस्टिकच्या दांड्याचा.

"हा कसला ब्रश? याने फार तर चपला पुसाव्यात," धाकटे म्हणाले होते. पण वापरून बघितला. आपल्या रीतीने गरम पाण्यात चांगला भिजवला, साबणावर जोर लावून घासला, गालावर दाबून फिरवला. पहिल्या दिवशी फेसाऐवजी पाणी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी थोरल्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता रोज सकाळी पडद्याच्या अलीकडे धाकटे गिऱ्हाइकाची दाढी करत आणि पलीकडे त्यांची बायको त्यांच्या बापाची. जिने उभ्या जन्मात कधी वस्तऱ्याला हात लावला नव्हता ती.

एका सकाळी पोस्टमन खुर्चीत बसला होता. धाकटे त्याच्या मानेवर कात्री चालवत होते आणि पलीकडून हसू ऐकू आलं. घोगरं, तुटक, पण हसूच. थोरले हसत होते. मग तो शब्द आला.

"वा!"

कात्री थांबली.

"थोरले आज खुशीत दिसतात," पोस्टमन म्हणाला.

"हं," धाकटे म्हणाले. ते "हं" अगदी बापासारखं निघालं हे त्यांच्या लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

पोस्टमनला मान खाली घालून बसवून त्यांनी पडदा बोटभर सरकवला. थोरल्यांच्या उजव्या गालावर पांढराशुभ्र, घट्ट फेस होता, त्यावर बोटाने नाव लिहावं असा. एक गोळा त्यांच्या बनियनवर पडला होता आणि तिने तो पुसायच्या ऐवजी त्यांच्या नाकाच्या शेंड्याला लावला होता. थोरले डोळे मिटून, अर्ध्या तोंडाने हसत होते. धाकटे बघत राहिले. लहानपणी एकदा त्यांच्या हातून फेस गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर सांडला होता, तेव्हा ब्रशाचा दांडा त्यांच्या बोटांच्या पेरांवर बसला होता. आणि बाबा त्यांच्या हाताखाली कधी डोळे मिटत नसत. शिकवतानाही नाही आणि आजारी पडल्यावरही नाही. टक लावून हात कुठे चुकतोय ते बघत.

त्यांना आपल्या बायकोचा हेवा वाटला. परक्या माणसाचा वाटला असता तर निदान चार शिव्या देता आल्या असत्या. इथे तिनेच केलेला चहा पिऊन तिच्यावर जळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप तसलाच एक ब्रश घेऊन आले. बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून टॉवेलांच्या मागे लपवला आणि पोस्टमन दाढीला आला तेव्हा बाहेर काढला. पाण्यात बुडवला. जोर लावून साबणावर फिरवला. भरपूर फेस दिसला म्हणून खूश होऊन तो गालावर टेकवला, तर मोठमोठे बुडबुडे फुटले आणि पाणी पोस्टमनच्या कॉलरमधून थेट पाठीत गेलं.

"अहो धाकटे, दाढी करताय की आंघोळ घालताय?" पोस्टमन उडालाच. "सांगितलं असतंत तर साबण घरून आणला असता!"

पडद्याआड भांड्यांचा आवाज थांबला. बायको हसू दाबत असावी असं धाकट्यांना वाटलं. कदाचित ती हसत नसेलही, पण त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

संध्याकाळी दुकान बंद करून ते आत आले. थोरल्यांचा डोळा लागला होता. बायको चहात बुडवून भरवलेल्या बिस्किटाचा चुरा त्यांच्या उशीवरून झटकत होती.

"काय जादू करतेस गं तू त्या प्लॅस्टिकवर?" त्यांनी दबक्या आवाजात, पण दात-ओठ खात विचारलं.

"जादू कसली? तुम्ही तो बुडवता, मी बुडवत नाही."

"म्हणजे?"

"तो पाणी पीत नाही हो. तुमचा जुना ब्रश पाणी धरून ठेवायचा, हा सगळं ओकून टाकतो. नुसतं टोक ओलं करायचं, झटकायचं आणि साबणावर फिरवायचा. मलमासारखं घट्ट झालं की मग बोटाने एकेक थेंब सोडायचा. आणि दाबायचा नाही. दाबला की फेस आतच अडकून बसतो, गालावर येतच नाही."

"हे तुला कोणी शिकवलं? बाबांनी?"

"त्यांना तरी कुठे माहीत होतं? आम्ही दोघांनी मिळून शोधलं. आधी माझंही पाणीच व्हायचं. मग ते बोट वर करायचे, थांब म्हणून. बोट हलवलं की थेंब टाकायचा."

'आम्ही दोघांनी.' हे दोन शब्द धाकट्यांना फार लागले.

"तुझ्याशी खेळतात," ते म्हणाले. "तुझ्यापुढे हसतात, डोळे मिटतात. मला मात्र आयुष्यभर नुसतं हं. इतक्या लोकांच्या दाढ्या केल्या, लोक गल्ल्या ओलांडून माझ्याकडे येतात, आणि माझा बाप मला एकदा वा म्हणत नाही. तू चार दिवस ब्रश फिरवलास तर तुला वा. जळतो मी, खरं सांगू? तुझ्यावर जळतो."

बायकोने चुरा मुठीत गोळा केला, खिडकीबाहेर टाकला आणि परत येऊन विचारलं, "तुम्ही सुरुवात कुठल्या गालापासून करता?"

"डाव्या. आमच्याकडे फेस डाव्यापासूनच लावतात. त्यांनीच घालून दिलंय ते."

"त्यांना डावीकडचं काही कळत नाही."

"हात-पाय गेलेत, ते माहीत आहे मला."

"गालाचं म्हणतेय मी. परवा त्या गालावर माशी बसली होती. मी उडवेपर्यंत त्यांना पत्ता नाही. चहा ओघळला तरी कळत नाही. तुम्ही एवढा जीव लावून डावीकडे ब्रश फिरवता, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. उजवीकडे याल तोवर ब्रशात गार पाणी उरलेलं असतं आणि तुम्ही ते दाबून लावता. त्यांना कळतं ते तेवढंच."

धाकटे पलंगाकडे बघत राहिले. ज्यांचा सगळा जन्म लोकांच्या गालांवर गेला त्यांना घरातल्या एका गालाचं हे माहीत नव्हतं.

"मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनीच नको म्हटलं होतं. म्हणाले, त्याला कळू देऊ नको. लाज वाटते त्यांना तुमच्यापुढे."

हेही तिलाच सांगितलं होतं. त्या रात्री धाकट्यांना बापाची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि तरी आतलं जळणं काही विझलं नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखी तयारी केली. थोरल्यांचा डावा डोळा मिटला तरी जरासा उघडा राही, साबण जाऊन चुरचुरे. म्हणून तिने ओल्या कापडाची घडी करून दोन्ही डोळ्यांवर ठेवली. थोरल्यांनी मान उशीत सैल सोडली.

"थांबा हं बाबा, लावते," ती म्हणाली आणि उठून तिने ब्रश धाकट्यांच्या पुढे धरला.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने मानेने पलंगाकडे खूण केली.

ते बसले. टोक ओलं केलं, झटकलं, साबणावर फिरवलं. घट्ट मलम झालं तसं बोटाने थेंब सोडला, मग आणखी एक. हाताला जोर लावायची इतकी सवय होती की तो रोखतानाच मनगट दुखायला लागलं. फेस वर आला, बारीक आणि चकचकीत. त्यांनी सवयीने ब्रश डाव्या गालाकडे नेला, थांबले, आणि उजव्या गालावर टेकवला.

नुसत्या टोकांनी, गोल गोल. कानापासून हनुवटीपर्यंत गालाची ताणलेली कातडी हळूहळू सैल पडत गेली. थोरल्यांच्या ओठाचा चांगला कोपरा वर उचलला.

"वा," ते म्हणाले. मग थोडा वेळ पुढचा शब्द शोधत राहिले. "वा, पोरी. आज... फार छान."

धाकट्यांचा हात थबकला. 'बाबा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो उच्चारला असता तर डोळ्यांवरची घडी बाजूला झाली असती, गाल पुन्हा ताठ झाला असता आणि ते डोळे हात कुठे चुकतोय ते बघू लागले असते. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे बघितलं.

बायको दारात उभी होती. तिला सगळं समजलं होतं. तिने एकदा नवऱ्याकडे, एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि पलंगाशी येऊन ती म्हणाली, "बोलू नका बाबा, फेस तोंडात जाईल."

थोरले आज्ञाधारकपणे गप्प झाले.

जन्मभर वाट पाहिलेला तो शब्द असा आला, आणि त्यावर नाव तिचं होतं. धाकट्यांना आताही तिचा हेवा वाटला. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं, एक थेंब ब्रशावर सोडला आणि फेस पुन्हा घट्ट केला. मग ते डाव्या गालाकडे वळले आणि तिथेही, काहीच कळणार नव्हतं तरी, तितक्याच हलक्या हाताने सगळा फेस लावला.