सगळ्यात मंद ठिपका

सुदर्शनने फोनवर बोलता बोलता सांगितलं, "आत्या, आजोबांच्या रायफलीला दुर्बीण बसवतोय. शनिवारी कॅम्पात दुकानात चाललोय."

"जाताना वारज्याहून मला घेऊन जा," सुशीलाबाई म्हणाल्या.

त्याला नवल वाटलं. अडुसष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली आत्या बंदुकांच्या दुकानात काय करणार?

रायफल सुशीलाबाईंच्या वडिलांची, अण्णांची. त्यांच्यामागे ती भावाकडे गेली आणि भाऊ गेल्यावर रीतसर परवाना काढून सुदर्शनकडे आली. तो खराडीत नोकरीला होता आणि रविवारी रेंजवर नेमबाजी करायचा. यंदा भोरकडच्या शेतात रानडुकरांनी भुईमुगाची पार नासाडी केली. वनखात्याने डुकरं मारायची लेखी परवानगी दिली होती. पण डुकरं यायची दिवस मावळल्यावर, आणि तेव्हा साध्या दुर्बिणीतली काळी फुली दिसेनाशी होते. म्हणून फुलीच्या मधोमध लाल ठिपका पेटणारी दुर्बीण हवी होती.

दुकानाचे मालक रंगनाथराव काउंटरमागून उठलेसुद्धा नाहीत. "काचेला बोट लावू नका," ते म्हणाले. "ठसे पोलिसांना लागतात, मला नाही."

सुदर्शनने एक जाडजूड दुर्बीण उचलली. "आत्या, ही बघ. रेड, ग्रीन दोन्ही आहे. ब्राइटनेस अकरा लेव्हलपर्यंत जातो. भर दुपारीसुद्धा डॉट क्लिअर दिसतो."

"भर दुपारी डुकरं येतात का?"

रंगनाथरावांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"इथे अंधारात बघायची काही सोय आहे का?" सुशीलाबाईंनी त्यांना विचारलं.

"तीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही," असं म्हणत ते उठले. त्यांनी दोघांना मागच्या कोठीत नेलं, दिवा घालवला आणि खिडकीचं एक दार किलकिलं केलं. बाहेर दोन इमारतींमधला बोळ होता. संध्याकाळ होत आली होती. टाकीखालच्या काळोखात एक मांजर बसलं होतं.

सुशीलाबाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली. लाल ठिपका झगझगीत पेटला आणि मांजर दिसेनासं झालं.

"कमी कर."

सुदर्शनने कमी केला. शेवटच्या खुणेपर्यंत आला. तरीही ठिपक्याभोवती लाल धूर पसरल्यासारखाच वाटत होता.

"मला नुसता ठिपका दिसतोय रे. मांजर कुठंय?"

रंगनाथरावांनी दुसरी दुर्बीण आणून दिली. साधी, एकाच रंगाची. तिचा ठिपका अगदी खाली आणला तर विझत आलेल्या उदबत्तीएवढा उरत होता. त्यातून मांजराचे कान दिसले, मग मिशा, मग पायांखाली दुमडलेलं शेपूट.

"ही घे," त्या म्हणाल्या. पण दुर्बीण खाली घेतली नाही.

"एकाहत्तर साली मी चौदा वर्षांची होते," त्या तशाच बोलू लागल्या. "अण्णा मला जीपमधून न्यायचे, चालवायला गडी असायचा. त्यांच्या खाकी जर्सीला रायफलीच्या तेलाचा वास यायचा. थर्मासच्या झाकणातून आम्ही आळीपाळीने चहा प्यायचो. नळीखाली पाच सेलची बॅटरी बांधलेली असायची. तिचं बटण माझ्याकडे. अण्णा कुजबुजायचे, 'सुशे, आता.' की मी दाबायची. वर्गातल्या कुठल्या मुलीला असं काम होतं?" त्या हसल्या. "एकदा दाबलं आणि दोन डोळे चमकले. बाकी सगळं पांढरं. अण्णांनी बार टाकला. जवळ जाऊन पाहिलं तर डुकरीण होती, आणि गवतात तिची पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. त्या लखलखाटात आम्हाला दिसलीच नव्हती."

"आजोबा काय म्हणाले?"

"घरी येईपर्यंत माझा हात धरून बसले होते. पुढच्या वर्षी शिकारबंदीचा कायदा आला. लोकांना वाटलं, अण्णांनी कायद्यापायी शिकार सोडली."

रंगनाथरावांनी हात पुढे केला. "दुर्बीण परत द्या. पुसायला हवी." त्यांचा आवाज मात्र मऊ झाला होता.

पंधरा दिवसांनी दुर्बीण रायफलीवर चढली. नेम जुळवायला सुदर्शन रेंजवर गेला तेव्हा आत्यालाही घेऊन गेला. पाच-सहा गोळ्यांनंतर नेम बरोबर बसला. मग तो बाजूला झाला. "आत्या, एक तू मार."

"मी?" त्यांनी कधीच चाप ओढला नव्हता. अण्णांनी तेवढं कधी दिलं नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नव्हतं.

रेंजवरचे प्रशिक्षक शेजारी उभे राहिले. सुदर्शनने दस्ता आत्याच्या खांद्यात नीट बसवला. सुशीलाबाईंनी श्वास सोडला आणि चाप ओढला. आवाजाने कान दडपले, खांद्याला दणका बसला. गोळी कागदाच्या कोपऱ्यात लागली होती.

"फार लांब गेली," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अजून एक मारतेस?"

"नको. अण्णांच्या रायफलीचा चाप एकदा ओढला, पुरे." त्यांनी खाली पडलेली पुंगळी उचलली. ती अजून कोमट होती. "तू तुझं चालू दे. मी इथे बसते जरा."

त्या बाकावर बसल्या. दारूचा जळका वास हवेत होता. सुदर्शनने पुढची गोळी भरली.