मनुकांच्या पाण्याची तपेली

मी प्रभाच्या घरातली पितळी तपेली बोलतेय. जरा हळू बोलेन, चालवून घ्या. सकाळी गॅसवर, दुपारी मोरीत, संध्याकाळी पुन्हा गॅसवर, यात माझा जन्म चाललाय. बूड बसलंय, काठ एका बाजूला चेपलाय. दमलेय म्हणा ना. पण दमलेल्या बाईला कुणी ‘काय झालं?’ म्हणून विचारलं की ती आधी ‘काही नाही’ म्हणते आणि मग बोलतच सुटते, तसं माझं होणार आहे. तेव्हा बसा.

सोलापुरातल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकाराला आणलं. प्रभाच्या लग्नात तिच्या आईनं, अंबुबाईनं, मला रुखवतात मांडलं आणि माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी लेकीचं नाव घालून घेतलं. त्या नावानिशी मी प्रभाच्या मागोमाग सोलापूरजवळच्या कुंभारीला आले. दोन खोल्यांचं घर, वर पत्रा, पलीकडे एक कडुलिंब. मला वाटलं, ठीक आहे, बरं चाललंय.

प्रभाचा नवरा शांतवन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. माणूस हातानं गुणी, बोलायला मऊ, आणि शिंदीच्या दारूपुढे अगदी लाचार. कारखाना सुटला की सायकल आपसूक शिंदीच्या दुकानाकडे वळायची. मग हळूहळू घरातली भांडी विकायला निघाली. परात गेली, हंडा गेला, एकदा तर भात अर्धा शिजलेला असताना पातेलं गेलं. मी वाचले ती शेजारच्या गुलबानोमुळे. तिनं मला आपल्या घरात गोधड्यांच्या खाली दडवून ठेवलं होतं. तिचा नवरा महबूब शांतवनच्याच कारखान्यात. त्यालाही ठाऊक होतं, पण तो गप्प राहिला. किती महिने मी त्या गोधड्यांत घुसमटले ते माझं मला माहीत.

शांतवन एका रात्रीत बदलला असं चर्चमधले लोक साक्ष देताना सांगतात. मी घरातली आहे, मला विचारा. एका रात्रीत काहीसुद्धा झालं नाही. शपथा तर त्यानं ढिगानं घेतल्या होत्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवूनसुद्धा. म्हणून चर्चचे पाळक शरच्चंद्र त्याला म्हणाले, आता शपथ नको, सवयी लाव. सकाळी चहाच्या आधी गुडघे टेक, मनात प्रार्थना येवो न येवो. दुकानाच्या रस्त्यानं यायचंच नाही, मागच्या कच्च्या वाटेनं लांबून ये. महबूब बरोबर असल्याशिवाय कारखान्यातून पाय काढू नकोस. आणि रात्रीच्या जेवणाआधी, आशीर्वाद मागायच्या आधी, दिवसभरात जे झालं असेल ते बायकोला सांग. चांगलं असो, वाईट असो, पण खरं सांग.

हे शेवटचं त्याला सगळ्यांत जड गेलं. गोधड्यांतून घरी परतलेली मी मध्ये ठेवलेली असायची, आमटी वाफाळत असायची, प्रभा हातात पळी घेऊन थांबलेली. तो खाली बघत म्हणायचा, “आज ओढ लागली हुती.” किंवा नुसतंच, “आज न्हाय.” मग डोळे मिटून प्रार्थना, मग जेवण. उद्या पुन्हा तेच. परवा पुन्हा तेच. चांगलं वागणं किती कंटाळवाणं असतं हे कुणी आधी सांगत नाही. साक्ष द्यायला उभं राहिल्यावर त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. मी मात्र त्या कंटाळ्यावर जीव टाकला, कारण त्या दिवसांत घरातून एकही भांडं गेलं नाही.

पुढे चर्चचं एक काम माझ्याकडे आलं. आमचं चर्च म्हणजे पत्र्याची शेड, सतरंज्या आणि एक घंटा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षारस घेऊन मंडळी ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करतात. पूर्वी त्यासाठी वाइनची बाटली यायची. शांतवन सुधारायला लागल्यावर पाळकांनी ती बंद केली आणि मनुकांचं पाणी सुरू केलं. शनिवारी संध्याकाळी मनुका भिजवायच्या, रविवारी सकाळी चांगलं खळखळून उकळायचं, फडक्यातून गाळायचं. हे काम प्रभाकडे, आणि प्रभाकडे म्हणजे माझ्याकडे. तिनं त्यात कधी कसूर केली नाही. प्रभाबाईचं काम म्हणजे बघायला नको, असं सगळे म्हणायचे. ते ऐकून ती मान खाली घालायची, पण तिला ते लई आवडायचं. मला उचलताना तिचा हात कळायचा मला.

आता मी ज्यासाठी तुम्हाला बसवलंय ते सांगते. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. त्यांची लेक मारिया सोलापुरात बाळंत झाली. शनिवारी प्रभाला तिच्याजवळ राहायचं होतं, म्हणून तिनं मनुका शुक्रवारीच भिजवल्या. तुम्ही सोलापूरचा मे महिना पाहिलाय का? पत्र्याखाली भिंतीसुद्धा तापतात. शनिवारी दुपारपासूनच माझ्या पोटात गडबड सुरू झाली. मनुका फुगून वर आल्या, कडेनं फेस धरला, बारीक बुडबुडे फुटायला लागले. मी काय करणार? झाकण ढकलायची ताकद मला नाही.

रविवारी सकाळी प्रभा धावतपळत आली. झाकण काढलं, वाकली आणि तशीच थांबली. तिला वास आला. नवऱ्याच्या तोंडाचा तो आंबूस वास जिनं वर्षानुवर्षं सोसला, तिला तो कळणार नाही होय? तिनं घाईनं गॅस पेटवला. पाणी जेमतेम कोमट झालं आणि गॅस संपला. घरात दुसरी टाकी नाही, दुसऱ्या मनुका नाहीत. चर्चची घंटा वाजायला लागली. आज प्रभुभोजनाचा प्याला नाही, असं पाळकांना सांगता आलं असतं. पाळक रागावणारे नव्हते. पण समोर सगळी मंडळी बसलेली, आणि प्रभाबाई रिकाम्या हातानं येणार, हे तिच्या जिवावर आलं. “एवढंसं तर आसतंय,” असं पुटपुटत तिनं ते गाळलं आणि मला पदराखाली घेऊन निघाली.

छोट्या छोट्या प्याल्या भरल्या गेल्या. एकदोघांनी तोंड वाकडं केलं. मनुका आंबट असतील असं त्यांना वाटलं. मी पुढच्या टेबलावर होते, माझी नजर शांतवनवर. त्यानं प्याली ओठाला लावली आणि त्याचा हात तिथंच राहिला. थुंकावं तर पवित्र वस्तू, गिळावं तर ही चव. सगळ्यांनी डोळे मिटले होते. त्यानं गिळलं आणि खाली बसून दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, कडुलिंबाच्या बुडाशी घालायचं, अशी आमची रीत. दर वेळी प्रभा स्वतः घालते. त्या दिवशी तिनं मला शांतवनच्या हातात दिलं, झाडाला घाला म्हणाली, आणि मारियाकडे निघून गेली. त्याच्याकडे तिनं वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. पळाली ती, दुसरं काय!

शांतवननं मला घरी आणून ओट्यावर ठेवलं. दुपार झाली. लाईट गेलेली, पंखा बंद. तो दोनदा माझ्याजवळ येऊन गेला. तिसऱ्यांदा त्यानं झाकण काढलं. “हे तर प्रभूचं हाय,” तो हळूच म्हणाला. “टेबलावरचं हाय. ह्यात कसलं पाप?”

त्याची किती कारणं मी ऐकली होती! अंग दुखतंय, कारखान्यात उकडतंय, पाहुणा आलाय. पण हे कारण सगळ्यांच्या वरताण होतं. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. त्यानं पेला भरला आणि प्याला. मग दुसऱ्यांदा भरायला मला उचललं आणि थांबला. आकाशातून आवाज वगैरे काही आला नाही. आज रात्री जेवताना हे प्रभाला सांगावं लागणार, एवढंच त्याच्या मनात आलं. ते तो स्वतःशी बोलला, म्हणून मला कळलं. रोजच्या त्या कंटाळवाण्या सवयीनं त्याचं मनगट धरलं होतं.

तो मला घेऊन तसाच उन्हात महबूबच्या दारात गेला. महबूब झोपेतून उठून आला.

“हे झाडाला घाल,” शांतवन म्हणाला. “माझ्या हातानं ते झाडापतुर जाणार न्हाय.”

महबूब गोंधळला. “तुमच्या देवाचं हाय ना ते? मी कसा घालू, भाऊ?”

मग त्याला वास आला. त्यानं शांतवनच्या तोंडाकडे पाहिलं. चपला घातल्या आणि माझा काठ एका बाजूनं धरला. दुसऱ्या बाजूनं शांतवननं धरला. एवढ्याशा तपेलीला दोन बाप्ये, पण मला हसू आलं नाही. कडुलिंबाच्या बुडाशी मी रिकामी झाले. त्यानंतर महबूबनं त्याला संध्याकाळपर्यंत घरी सोडलं नाही. गुलबानो चहा करत राहिली.

संध्याकाळी प्रभा परत आली. गुलबानोच्या टाकीवर स्वयंपाक झाला. मी आमटी घेऊन दोघांच्या मध्ये बसले. प्रभाच्या हातात पळी होती.

“आज प्यालो,” शांतवन म्हणाला.

मग त्यानं दुपारचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, “पर खरं दुखणं त्ये न्हाय. चर्चमध्येच मला ती चव लागली. समदे गप पीत हुते, कुणाला काय न्हाय. देवाच्या प्याल्यात बी मला शिंदीच लागाय लागली, तर माझं काय ऱ्हायलं, प्रभा? मी आता प्रभुभोजनाला बसणार न्हाय. मला बसायचं तोंड न्हाय.”

प्रभानं पळी माझ्यात ठेवून दिली. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मला घासून झालं होतं, पाणी झाडानं पिऊन टाकलं होतं, मंडळीत तिचं नाव शाबूत होतं. नवऱ्यानं सगळा दोष आपल्याच जिभेवर घेतला होता. तिनं नुसतं ‘हूं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझा जीव टांगणीला लागला. बोल गं बाई, मी मनात म्हणत होते, या घरात खरं बोलायचं ते एकट्या त्यानंच का?

“तुमची जीभ बरोबर हाय,” ती म्हणाली. “ते आंबलं हुतं. मला सकाळीच वास आला हुता.”

शांतवननं मान वर केली. “आन् तरी आणलंस?”

“लोक काय म्हणतील म्हणून.”

त्यानं ताट बाजूला सारलं. ओरडला असता तर बरं, असं मला वाटलं. “तुला ठावं हुतं,” एवढंच तो म्हणाला. प्रभा रडायला लागली. हुंदके देऊन, नाक ओढत, जशी माणसं खरी रडतात तशी. त्याच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. राग होता त्यात, आणि सुटकासुद्धा होती. रोज आशीर्वाद तोच मागतो, पण त्या दिवशी नेहमीचे शब्द त्यानं घेतले नाहीत. डोळे मिटून म्हणाला, “प्रभू, आमी दोघं हाय हितं,” आणि ताट ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी प्रभानं उभं राहून मंडळीला सगळं सांगितलं. दोघीचौघी मागे कुजबुजल्या. पाळकांनी काम तिच्याकडेच ठेवलं, पण तिचा स्वतःवरचा भरवसा उडालाय. आता गाळायच्या आधी ती मला गुलबानोकडे नेते. गुलबानो वाकून वास घेते आणि ‘चलेगा’ म्हणते, मगच आम्ही चर्चला जातो. शांतवन प्रभुभोजनाला बसतो. यापुढे तो शिंदीला शिवणारच नाही असं छातीठोक सांगायला मी कोण? कालपर्यंत शिवलेला नाही, एवढं सांगते.

माझं म्हणाल, तर कल्हई गेलीय आणि कल्हईवाला इकडे फिरकत नाही. मारिया आईला म्हणते, ही मोडीत घाल, स्टीलची घे. घालू दे. मला तक्रार नाही, मलाही पडून राहायला आवडेल.

फक्त एक मागणं आहे. हल्ली जेवणाआधी प्रभा पहिली बोलते. तिला सवय नाही, तिचा वेळ जातो. शेजारणीचा हेवा वाटला, सुनावणार होते पण गप्प राहिले, खोटं बोलले, असं आठवून आठवून सांगते. तोवर माझ्यातली आमटी पार गार होते, मग पुन्हा मला गॅसवर चढावं लागतं, आणि माझ्या बुडाला आता ते सोसत नाही. तरी तिला घाई करू नका. आमटी गार होऊ द्या.