लोण्याची बिस्किटं

दुसरीतली ती मुलगी गेली, हे ड्रायव्हरकाकांना सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकात कळलं. शाळेतल्या शनिवारच्या खाऊविक्रीचे आपले रिकामे डबे न्यायला ते आले होते.

"शेंगदाणा बाधला म्हणे," शिपाई म्हणाला. "अशा नाजूक पोरांना शाळेत पाठवतातच कशाला?"

"तेच तर!" काका म्हणाले. पण डबे उचलताना त्यांचे हात थांबले.

त्यांची बायको शाळेसाठी दोन प्रकारची बिस्किटं करायची, लोण्याची आणि शेंगदाण्याची. डबे वेगळे, प्रत्येकावर चिठ्ठी. "औषधं आहेत का गं चिठ्ठ्या लावायला?" म्हणून काका तिला हसायचे. बायको वारल्यावर यंदा बिस्किटं त्यांनीच भाजली. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस! मालात फट राहिली की माल फुटतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. लोण्याच्या बिस्किटांमधल्या फटींत त्यांनी शेंगदाण्याची बिस्किटं उभी ठोकून बसवली. शाळेत पोचल्यावर ती निवडून वेगळ्या पुड्यांत भरली. स्कूटरवरून येताना एकही तुटलं नव्हतं. सगळ्यांना ते कौतुकानं सांगत होते.

तेवढ्यात लोण्याच्या बिस्किटांची पुडी दाखवत त्या मुलीच्या आईनं विचारलं होतं, "काका, यात शेंगदाणे नाहीत ना? नक्की?"

"अहो बाई, घरचं आहे. विष नाही घातलेलं!"

रांगेतले सगळे हसले. आई ओशाळली आणि तिनं पुडी घेतली.

दुपारी मेहुणी घरी आली. ती इस्पितळात नर्स होती.

"मी काय मुद्दाम केलं का?" काका तिच्यावरच उखडले. "शेंगदाण्याच्या चिमूटभर चुऱ्यानं कुणी मरतं का?"

"मरतं, भावजी. माझ्यासमोर मेली. घसा सुजला, श्वास मिळेना. ताई चिठ्ठ्या हौस म्हणून लावत नव्हती."

"मला कुठं माहीत होतं?"

"नव्हतं ना? मग माहीत नाही म्हणायचं! पोरीच्या आईनं सांगितलंय मला. तिनं विचारलं, तुम्ही तिची चेष्टा केलीत. लोकांसमोर!"

काकांना आता कळलं. अरे देवा! एका शब्दानं ती पोर वाचली असती!

"आणि ती आई," मेहुणी थांबली. "ती सारखी म्हणतेय, मीच भलती पुडी उचलली. नवराही तिलाच बोलतोय."

वाचकहो, घरचं म्हणजे निर्धोक असं नसतं. डबे वेगळे ठेवा, आत काय आहे ते बाहेर लिहा. आणि काळजीनं विचारणाऱ्या आईला कधी हसू नका.

काकांनी मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. "झालं ते झालं, आता शाळेचं नाव कशाला खराब करायचं?" एवढंच त्या म्हणाल्या. काका दोनदा त्या मुलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. चूक तिच्या आईची नव्हती, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.